चौदा नंबरचं टेबल

९ फेब्रुवारी

धाकटे,

तुम्ही दोघं ठीक असाल असं धरून चालते. मी ठीक नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू शोधत बसणार नाहीस.

तीन दिवस मी तुमचे फोन उचलले नाहीत. फोनवर बोलायला लागले की माझा आवाज फुटतो. भावासमोर एक वेळ फुटला तर चालेल, पण तोही मग रडतो आणि मलाच त्याची समजूत घालावी लागते. म्हणून कागद घेतला. तूही कागदावरच उत्तर दे.

रक्तपेढीने मला निलंबित केलंय. सव्वीस वर्षांनंतर.

झालं ते असं. मागच्या मंगळवारी दुपारी शीतखोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला. तुमच्या कंपनीने बसवलेल्या यंत्रणेने दोन वाजून दहा मिनिटांनी भोंगा वाजवला. दोन बाराला कोणीतरी संगणकावरून तो बंद केला. मी तेव्हा शेजारच्या खोलीत सेंट्रिफ्यूजपाशी होते, दार लावून. ते यंत्र फिरत असलं की कानाशी कोणी ओरडलं तरी कळत नाही. पाच वाजता मी शीतखोलीचं दार उघडलं आणि तोंडावर गार वाफ आलीच नाही. चौसष्ट पिशव्या फेकाव्या लागल्या. दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. मीच दार उघडलं, मीच वर कळवलं आणि आता मीच आरोपी.

कारण तुमच्या यंत्रणेची नोंद म्हणते की भोंगा चौदा नंबरच्या संगणकावरून बंद झाला. चौदा नंबरचं टेबल माझं. भोंगा बंद करायचा अधिकार तीनच टेबलांना आहे: अकरा, बारा आणि चौदा. अकराचे डॉक्टर रजेवर होते, बाराचा संगणक सकाळपासून बंद होता. उरले मी.

मी तो दाबला नाही.

दोन वर्षांपूर्वी ही यंत्रणा बसली तेव्हा मी मजलाभर सांगत फिरले होते की हे माझ्या भावजयीने केलंय. आता तेच लोक मला विचारतात, तुमच्या भावजयीचं यंत्र खोटं कसं बोलेल? तूच सांग, काय उत्तर देऊ?

ताई

१४ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आम्ही दोघांनी वाचलं. तुमचे बंधुराज त्या दिवसापासून जेवताना घास हातात धरून बसतात. मी त्यांना तुमच्याकडे पाठवणार होते, पण तुम्हाला ते चालणार नाही हे ओळखून थांबले.

ताई, धीर सोडू नका. सव्वीस वर्षांची नोकरी एका दुपारच्या घटनेवरून कोणी काढून घेत नाही. चौकशी समिती तुमचं आजवरचं काम बघेलच.

आता यंत्रणेबद्दल. रक्तपेढीने नोंदी आमच्याकडे पाठवल्या होत्या, मीही त्या पाहिल्या. दोन बाराला चौदा नंबर, हे स्पष्ट आहे. आमच्या टीमने केलेल्या यंत्रणेत नोंद हाताने लिहिली जात नाही. जो संगणक सर्व्हरशी बोलतो त्याचा पत्ता सर्व्हर स्वतः उतरवून घेतो. त्यात कोणी ढवळाढवळ करू शकत नाही.

म्हणून एक विचारते, रागावू नका. असं तर झालं नसेल ना, की सेंट्रिफ्यूज लावायला जाता जाता पडद्यावर काहीतरी चमकलं आणि सवयीने हात गेला? दिवसभरात आपण किती बटणं दाबतो, सगळी कुठे लक्षात राहतात. तसं असेल तर तुम्ही समितीला सरळ सांगावं असं मला वाटतं. नकळत झालं म्हटलं तर ते समजून घेतील.

काळजी घ्या. उत्तर पाठवा.

तुमची धाकटी

१९ फेब्रुवारी

इंजिनीअरीणबाईंस,

पत्र मिळालं.

मी रक्तगट दोनदा तपासते, लिहिते आणि लिहिलेलं मोठ्याने वाचते. सव्वीस वर्षांत एका पिशवीवर चुकीचं अक्षर पडलं नाही. तुझ्या मते मी एक भोंगा दाबला आणि विसरले.

यापुढे उत्तराची घाई नाही.

ताई

२ मार्च

ताई,

तुमचं पत्र येऊन दहा दिवस होत आले. रोज उत्तर लिहायला बसते आणि रोज पहिल्या ओळीवर अडकते. शेवटी पहिली ओळ हीच लिहिते: मी चुकले. तुम्ही दाबलं नाही म्हणालात तेव्हाच मी तुमचं ऐकायला हवं होतं. ऐकायचं सोडून मी तुम्हाला कबुलीजबाब शिकवत बसले.

आता मी शोध घेतेय. साहेबांना, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकांना, सांगितलं तर ते म्हणाले, "तुम्ही त्यांच्या नातेवाईक. तुम्ही यात हात घालू नका, उद्या आपल्यावरच शेकेल." तेव्हा हे मी माझ्या वेळात करतेय, शनिवार-रविवारी आणि जेवणाच्या सुट्टीत.

तुम्हाला कळेल असं सांगते. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो. तुमचा आहे १९२.१६८.१.१४. पहिले तीन आकडे तुमच्या इमारतीत सगळ्यांचे सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा. ही झाली जुनी पद्धत. आता पत्त्यांची नवी पद्धत आली आहे, तिचा साचाच वेगळा. गेल्या वर्षी आम्ही तुमचा सर्व्हर असा बदलला की त्याला दोन्ही पद्धतींचे संगणक चालावेत. एकाच खिडकीशी दोन भाषांची माणसं यावीत आणि आतल्या कारकुनाला दोन्ही कळाव्यात, तसं. माझा संशय या बदलावर आहे. पण नुसत्या संशयाने काय होतं!

पहिली शंका अशी की तुमचा चौदा हा पत्ता त्या दुपारी चुकून दुसऱ्या कुठल्या संगणकाला मिळाला असेल. म्हणून विचारते. तुमच्या संगणकाला पत्ता कायमचा दिलाय की रोज बदलतो? त्याच्यावर काही चिठ्ठी आहे का? त्या दिवशी तो चालू होता का? तुमच्या खोलीत आणखी कोण येतं?

लिहायचं नसेल तर लिहू नका. मी शोधत राहीनच.

तुमची धाकटी

८ मार्च

धाकटे,

राग गेलेला नाही. पण प्रश्न सरळ विचारलेस म्हणून उत्तरं देते.

पत्ता कायमचा आहे. यंत्रणा बसली तेव्हा नेटवर्कवाल्याने प्रत्येक संगणकावर छापील स्टिकर लावला होता. स्टिकर लावत तो हिंडत होता तेव्हा मी त्याच्याबरोबर होते, कुठलं टेबल कोणाचं ते दाखवायला. स्पिरिटने पुसताना अक्षरं जातात म्हणून माझ्या स्टिकरवर मी पारदर्शक पट्टी चिकटवली होती. तरी खात्री करायची होती. माझ्या खोलीला कुलूप आहे आणि कुलपावर समितीचा कागद. म्हणून सफाईच्या मावशींना गाठलं. त्यांनी दाराच्या काचेतून बघून आकडे पेनने तळहातावर लिहून घेतले आणि घरी जाताना मला हात दाखवून गेल्या. शेवटी चौदाच आहे. घामाने चार थोडा पुसला होता, पण चारच.

संगणक त्या दिवशी चालू होता. खोलीत माझ्याशिवाय एक मदतनीस मुलगी येते, ती त्या दिवशी वरच्या मजल्यावर नमुने पोचवायला गेली होती. तिची सही आहे तिथे, दोन वाजून पाच मिनिटांची. म्हणजे तीही सुटली. म्हणजे मी आणखी अडकले.

समितीसमोर परवा जाऊन आले. लांब टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे मी आणि एक पाण्याचा पेला. तो पेला मी उचलला नाही. अध्यक्ष वयस्कर आहेत, वाईट माणूस नाही. पण म्हणाले, "बाई, यंत्राचं तुमच्याशी काय वैर आहे?"

मी म्हटलं, "वैर नाही. चूक आहे."

"मग ती दाखवा."

कुठून दाखवू? आणि दुसरे सदस्य काय म्हणाले ते ऐक. तुमच्या नोंदीत चौदा नंबर दिवसातून कित्येक वेळा येतो, बाकीच्यांच्या दसपट. म्हणजे मी काम सोडून सारखी त्या पडद्याशी खेळत असते! मी तो दिवसातून दोनदा उघडते गं. सकाळी आल्यावर आणि जाताना.

आरोपपत्रासोबत त्या महिन्याच्या नोंदींची एक्केचाळीस पानं जोडून दिली आहेत. माझ्या दृष्टीने नुसते आकडे. पडून आहेत.

ताई

१५ मार्च

ताई,

आज फक्त वैताग लिहिणार आहे. दुसरं काही हाती नाही.

तुमच्याकडचा सर्व्हर जसाच्या तसा मी माझ्या संगणकावर चालवायला घेतला. पहिल्याच झटक्याला तो म्हणाला, हा पत्ता आधीच वापरात आहे. कोण वापरतंय? शोधलं तर मीच. जुन्या पद्धतीसाठी एक कान आणि नव्या पद्धतीसाठी दुसरा, असे मी दोन वेगळे कान उघडत होते. पण नवा कान मुळातच दोन्ही ऐकतो, त्यामुळे जुन्याला जागा उरत नाही. हे मला माहीत होतं! गेल्या वर्षी मी स्वतः हेच निस्तरलं होतं! तरी एक अख्खा शनिवार त्यात गेला. शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर तोच सर्व्हर एका शब्दाने तक्रार न करता चालतो. का, तर त्याची मांडणी वेगळी. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

मग एकदाचा चालला. माझ्या टेबलाचा पत्ता सदतीस. भोंगा बंद केला, नोंद झाली सदतीस. शेजारून केला, बावन्न. बरोबर. नव्या पद्धतीच्या पत्त्यांचे दोन लॅपटॉप आणले, तेही बरोबर. मग चिडून दोनशे वेळा दाबला. दोनशे वेळा बरोबर! ताई, एकदा तरी चुकायला काय झालं होतं त्याला? आयुष्यात पहिल्यांदा मी माझाच प्रोग्रॅम चुकावा म्हणून देव पाण्यात घालून बसले आणि तो शहाण्यासारखा वागतोय.

साहेबांनी मला त्यावर काम करताना पाहिलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "घरचे कज्जे घरी."

घरी तुमचे बंधुराज दारातच विचारतात, "सापडलं?" काल मी ओरडले, "हरवलेली चप्पल आहे का ती, सापडायला?" दोन दिवस आम्ही मीठ द्या, पाणी घ्या, इतकंच बोलतो.

मी हात टेकले नाहीत. पण आता कुठे बघायचं तेही कळत नाही.

तुमची धाकटी

२० मार्च

धाकटे,

आधी त्याच्याशी बोल. लहानपणी तो हरवलेल्या वस्तूबद्दल असंच दर पाच मिनिटांनी विचारायचा. प्रेमाने विचारतो, पण डोकं उठवतो. तू बोलली नाहीस तर तो आठवडाभर गप्प बसेल. मला अनुभव आहे.

आता कामाचं. रिकामं बसून अंग आंबायला लागलं म्हणून मी ती एक्केचाळीस पानं काढली. आम्ही पिशव्यांची मोजदाद करतो तशी पेन्सिलने रेघा मारत गेले. कुठला नंबर किती वेळा. चार दिवस लागले. तीन गोष्टी दिसल्या. माझ्या अज्ञानापोटी असतील तर हसून सोडून दे.

रविवारीसुद्धा चौदा नंबर हजर आहे. रविवारी माझी खोली बंद असते आणि किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

दुसरं. पंधरा नंबरचा संगणक गेल्या वर्षी भंगारात गेला. माझ्या समोर उचलून नेला, त्याच्या मागे मेलेली पाल निघाली होती म्हणून मला पक्कं आठवतं. तो अजून रोज शंभर-शंभर वेळा तुमच्या सर्व्हरशी बोलतोय.

तिसरं मला सर्वात चमत्कारिक वाटलं. एक्केचाळीस पानांत नव्व्याण्णवच्या पुढचा एकही नंबर नाही. तळमजल्यावर रक्तदात्यांच्या नोंदणीचे बावीस संगणक आहेत. एकशेचाळीसपासून एकशेएकसष्टपर्यंत. ते स्टिकर लावताना मी तिथे होते. सगळे रोज चालू असतात, सगळ्यांवर तुमचा पडदा उघडा असतो. मग त्यांच्या नोंदी कुठे गेल्या? ते बोलतच नाहीत का?

ताई

२३ मार्च

ताई,

सापडलं.

तुमचं पत्र उभ्यानेच वाचलं. तिसऱ्या मुद्द्याशी आले आणि खाली बसले. आमच्या ऑफिसात साठच संगणक आहेत. शंभराच्या पुढचा पत्ता इथे नाहीच. मी दोनशे काय, दोन हजार वेळा दाबलं असतं तरी काही झालं नसतं.

मग माझ्याच संगणकाला एकशे त्रेचाळीस हा पत्ता दिला आणि एकदाच दाबलं. नोंद झाली: चौदा.

नीट सांगते. सर्व्हर दोन्ही पद्धतींचं ऐकायला लागला की जुन्या पद्धतीचा पत्ता तो नव्या साच्यात बसवून घेतो. त्यासाठी त्या पत्त्याच्या डोक्यावर सात अक्षरांची टोपी चढवतो. हे नेहमीचंच, त्यात बिघाड नाही. पण पत्ता तेवढा लांब होतो. तो ठेवायला प्रोग्रॅममध्ये वीस घरं आखलेली होती आणि त्यातलं शेवटचं घर मजकूर संपल्याच्या खुणेसाठी राखीव. म्हणजे एकोणीस अक्षरं मावणार. तुमचा चौदाचा पत्ता टोपीसकट मोजा, टिंबं धरून बरोबर एकोणीस भरतो. एकशे त्रेचाळीसचा वीस. शेवटचा तीन बाहेर पडला, कोणी हूं की चूं केलं नाही. उरले चौदा. एकशेचाळीस ते एकशेएकोणपन्नास, दहाही टेबलं नोंदीत चौदा झाली. पुढची दहा झाली पंधरा. भंगारातला तुमचा संगणक असा बोलत होता.

याहून वाईट पुढे आहे. भोंगा बंद करायचा अधिकार कोणाला, हेसुद्धा सर्व्हर हाच तोडलेला पत्ता बघून ठरवत होता. म्हणजे खालच्या दहा टेबलांना गेलं वर्षभर तुमचा अधिकार होता आणि ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या पडद्यावर ते बटण दिसायलाच नको होतं. त्या मंगळवारी त्यातल्याच कोणीतरी ते दाबलं. कोणी, ते मी सांगू शकत नाही. तो शेवटचा आकडा कुठे लिहिलाच गेला नाही. सगळं धुंडाळलं. नाही.

आता जे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं ते लिहिते. मी तुम्हाला "आमच्या टीमने" असं लिहिलं होतं. टीम वगैरे नाही. ती वीस घरं मी आखली. आधी सोळा होती. टोपीसाठी वाढवायला हवीत हे मला कळत होतं, म्हणून मी माझ्या टेबलाचा पत्ता टोपीसकट मोजला, एकोणीस भरला, एक खुणेचं धरलं आणि वीस लिहून जेवायला गेले. नव्या पद्धतीचे आमचे पत्ते आखूड होते, तेही मावले. पुढे पाहिलंच नाही.

तुम्ही विसरभोळ्या आहात असं मी तुम्हाला लिहिलं तेव्हा ती ओळ माझी आहे हे मला माहीत होतं. त्यात चूक असेल हे मनात आलं नाही, पण आपलं काम तपासून बघावं हेही आलं नाही.

मी समितीला लिहितेय.

तुमची धाकटी

४ एप्रिल

ताई,

तुमचं उत्तर नाही. मागत नाही. काय झालं ते तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते.

साहेबांना सगळं दाखवलं. ते म्हणाले, दुरुस्ती करून टाका आणि रक्तपेढीला कळवा की यंत्रणेत "नियमित तांत्रिक सुधारणा" केली आहे.

मी म्हटलं, "आणि ज्या घरी बसल्यात त्यांचं काय?"

"तो त्यांच्या समितीचा प्रश्न."

मी दोन पानांचं पत्र लिहून समितीच्या अध्यक्षांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं. मी तुमची भावजय आहे हे पहिल्याच ओळीत घातलं. दुसऱ्या ओळीत लिहिलं की म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका, तळमजल्यावर स्वतः बसा, बटण दाबा आणि वर नोंद काय होते ते बघा. तोवर सर्व्हरला कोणी हात लावू नये अशी विनंतीही केली. साहेबांना प्रत दिली. त्यांनी ती वाचली आणि प्रकरण मिटेपर्यंत मला घरी बसायला सांगितलं. तेव्हा आता मीही घरी आहे. तुमच्यासारखी नाही, हे कळतं मला. माझ्यावरचा आरोप खरा आहे.

अध्यक्षांचं उत्तर आलं. एका ओळीचं. नऊ तारखेला सकाळी अकरा वाजता तपासणी करणार आहेत, तुम्हाला हजर ठेवणार आहेत. मला बोलावलेलं नाही. बरोबरच आहे.

घरात आम्ही बोलतो आहोत. त्यांना सगळं सांगितलं, वीस घरांचंही. ते म्हणाले, "ताईला तू सांगितलंस ना? मग झालं." मला माहीत आहे की झालेलं नाही.

धाकटी

११ एप्रिल

धाकटे,

तुझ्या २३ मार्चच्या पत्राला मी चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. हे पाचवं. हे फाडायच्या आत पोस्टात टाकणार आहे.

नऊ तारखेला गेले. अध्यक्ष स्वतः तळमजल्यावर नोंदणीच्या एकशे त्रेचाळीस नंबरच्या टेबलाशी बसले. दुसरे सदस्य वर, प्रिंटरमधून कागद निघतो तिथे. माझ्या खोलीचं कुलूप आणि त्यावरचा कागद आधी सगळ्यांना दाखवून घेतला. भोंगा मुद्दाम वाजवला. अध्यक्षांनी चष्मा वर केला, बटण शोधलं, दाबलं. भोंगा बंद. वरून सदस्य कागद घेऊन जिना उतरत आले आणि तो अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला. चौदा.

अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा." पुन्हा चौदा. मग ते शेजारच्या टेबलावर गेले, मग त्याच्या शेजारच्या. पाच वेळा केलं त्यांनी. पाचव्या कागदानंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "बसा ना बाई." दोन महिन्यांत मला बसायला सांगणारा तो पहिला माणूस.

मग त्यांनी तुझं पत्र नोंदणीच्या त्या दहा टेबलांवरच्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. वाचून संपलं आणि एक जण उभा राहिला. उंच आहे, मान जरा पुढे काढून चालतो, सगळे त्याला जिराफ म्हणतात. म्हणाला, "साहेब, मग तो मीच असणार."

त्या मंगळवारी रक्त देऊन उठलेल्या एक बाई त्याच्या टेबलासमोरच चक्कर येऊन पडल्या. हा खाली बसून त्यांचे पाय वर धरून होता, आणि डोक्यावर पडदा पीं पीं करत होता. त्याने कोपराने ढोसून बटण दाबलं. म्हणाला, "मला वाटलं, माझ्या टेबलापुरता आवाज बंद झाला. वरचा भोंगा बंद झाला हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं. ताईंनीच केलं असं मीही घरी सांगत होतो." एवढं बोलून तो मोठा बाप्या सगळ्यांसमोर रडायला लागला.

धाकटे, दोन महिने मी मनात एक भाषण तयार ठेवलं होतं. ज्याने हे केलं तो समोर आला की काय काय बोलायचं, शब्दन् शब्द. आणि समोर आला हा! चक्कर आलेल्या बाईचे पाय धरून बसलेला. भाषण तसंच राहिलं. इतका संताप आला की सांगता येत नाही, आणि तो टाकायला जागा नाही.

दुसरे सदस्य लगेच म्हणाले की आता याचा खुलासा घ्यावा लागेल. मी म्हटलं, "त्याच्या पडद्यावर ते बटण आलं कसं, ते आधी लिहा. मग त्याचं बघा." आवाज चढला माझा. फुटला नाही.

मला कामावर घेतलंय. आदेशात लिहिलं होतं, "तांत्रिक कारणास्तव निलंबन मागे." मी तो घेतला नाही. म्हटलं, माझी चूक नव्हती असं लिहा. ते म्हणाले, तसा नमुना नाही. मी म्हटलं, मग नमुना करा. आठ दिवस लागतील म्हणतात. तोवर मी कामाला जातेय, पण सही करत नाहीये. लोक जिन्यात भेटले की फार गोड हसतात. एकानेही तोंडाने "चुकलं" म्हटलं नाही. तेवढं कागदावर तूच म्हटलंस, तेही ज्या साहेबांपुढे म्हणायला नको होतं त्यांच्यापुढे, आणि घरी बसलीस.

तुझ्या पत्रातलं "ही चूक माझी आहे" हे वाक्य अध्यक्षांनी वाचलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तू मोजलं नाहीस याचा राग नाही. मोजणाऱ्याचं चुकतं, मला हे माहीत असायला हवं, आयुष्यभर मोजतेय मी. राग त्या पहिल्या पत्राचा आहे. यंत्राचं तू एका झटक्यात खरं मानलंस आणि माझ्याजवळ मात्र "असं तर झालं नसेल ना" म्हणालीस. तो राग अजून आहे. जाईल बहुतेक. घाई करू नकोस.

या रविवारी मला जमणार नाही. पुढच्या रविवारी सकाळच्या बसने येते. स्टँडवर तू ये, त्याला पाठवू नकोस. घरापर्यंतच्या वाटेत मी काही बोलेन असं नाही. तू बोलत राहा.

ताई